पाण्याखालच्या वेगवान वस्तूचं अंतर आवाजाने मोजताना: तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

टाकीत सगळं बरोबर चालतं. पिंग (आवाजाचा छोटा ठोका) सुटतो, समोरच्या भिंतीवरून प्रतिध्वनी येतो, वेळेला ध्वनीच्या वेगाने गुणून दोनने भागलं की टेपने मोजलेलं अंतर मिळतं. तोच संच जलाशयावर नेऊन बोटीमागे ओढलेल्या लक्ष्यावर लावला की आकडे पाच-सात मीटरने हुकायला लागतात. मग महागडा हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) घ्यायची चर्चा सुरू होते. हायड्रोफोनचा बहुतेक वेळा काहीच दोष नसतो. चूक वेळेच्या हिशोबात असते: घड्याळ नेमकं कधी सुरू झालं, आणि हाती आलेलं अंतर कोणत्या क्षणाचं आहे, या दोन प्रश्नांची उत्तरं कुणी लिहून ठेवलेली नसतात. सेकंदाला ५ मीटरने पळणाऱ्या वस्तूच्या बाबतीत एका सेकंदाचा घोळ म्हणजे ५ मीटरचा घोळ.

खालची पद्धत गोड्या पाण्याच्या जलाशयासाठी आहे. लक्ष्याचा वेग सेकंदाला ३ ते १० मीटर, अंतर साधारण २५ ते २०० मीटर आणि वारंवारता ४० किलोहर्ट्झच्या आसपास धरली आहे. अभियांत्रिकीच्या प्रकल्पासाठी किंवा पाण्याखालच्या रोबोटवर काम करणाऱ्या गटासाठी एवढा आवाका पुरतो. पायऱ्या याच क्रमाने करा. मधली एखादी गाळली तर पुढच्या पायरीवर आलेली चूक कुठून आली हे शोधता येत नाही.

१. जागा, वेळ आणि परवानगी

समुद्रापेक्षा जलाशय बरा. लाटा कमी, क्षारतेची भानगड नाही, आणि पाण्यातला गोंगाटही कमी. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची कोचीची प्रयोगशाळासुद्धा सोनारच्या (आवाजाने पाण्याखालच्या वस्तू शोधणाऱ्या यंत्रणेच्या) चाचण्यांसाठी केरळातल्या इडुक्की जलाशयाचा, कुलमावूचा काठ वापरते.

किमान १० मीटर खोली असलेली आणि दोन्ही बाजूंना २०० मीटर मोकळं पाणी असलेली जागा शोधा. धरणाच्या भिंतीसमोर उभे राहू नका. तिचा प्रतिध्वनी इतका जोरात येतो की त्याच्या आजूबाजूचं काही दिसत नाही. जुनी गावं बुडालेल्या जलाशयांत तळाशी भिंती, झाडांचे बुंधे असतात. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असताना एकदा जाऊन काठ बघून आलात तर कुठे काय आहे ते कळतं.

मोजणी सकाळी लवकर करा. दुपारी वरचं पाणी तापतं आणि खालचं गारच राहतं. ध्वनी नेहमी कमी वेगाच्या, म्हणजे गार पाण्याकडे वळतो, त्यामुळे तुमचा पिंग खाली वाकून लक्ष्याच्या बराच खालून निघून जातो. एप्रिल-मे महिन्यांत ‘सकाळी दिसत होतं, दुपारी दिसेना’ ही तक्रार यामुळेच येते. हिवाळ्यात हा त्रास सगळ्यात कमी.

धरणाच्या पाण्यावर उतरण्याआधी जलसंपदा विभागाची लेखी परवानगी घ्या. जलाशय अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वनविभागाचीही. बोट चालवायला स्थानिक, रोज तीच बोट चालवणारा माणूस हवा. सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट हवं, यात सवलत नाही.

सावधान: हा प्रयोग कोकण किनाऱ्यावर न्यायचा मोह टाळा. हर्णे, तारकर्ली या भागांत डॉल्फिन किनाऱ्याजवळ वावरतात. त्यांना ४० किलोहर्ट्झ स्वच्छ ऐकू येतं आणि त्यांचं सगळं जगणं ऐकण्यावर चालतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहेत. डॉल्फिन किती लांब आहे हे बघायला त्यांच्या दिशेने पिंग सोडणं हा खेळ नाही.

२. संच जमवणं आणि कोरड्यात तपासणं

लागणाऱ्या गोष्टी अशा: पाण्यात चालणारा प्रक्षेपक ट्रान्सड्यूसर (विजेच्या सिग्नलचा आवाज करणारा, म्हणजे पाण्यातला स्पीकर), वेगळा हायड्रोफोन, १९२ किलोहर्ट्झ नमुनादराचं (सेकंदाला १,९२,००० वेळा सिग्नल मोजणारं) आणि किमान दोन इनपुट असलेलं साउंडकार्ड, अ‍ॅम्प्लिफायर, लॅपटॉप, बॅटरी, तापमापी, आणि लक्ष्य म्हणून हवाबंद पोकळ गोळा. ३० सेंटिमीटर व्यासाचा गोळा चांगला. आतली हवाच ध्वनी परतवते, म्हणून गोळ्यात पाणी शिरलं तर प्रतिध्वनी बदलतो. दर वेळी हलवून बघा.

खरेदीत तीन चुका पुन्हा पुन्हा होतात.

पहिली, गाडीच्या पार्किंगसाठी येणारा ‘वॉटरप्रूफ’ अल्ट्रासॉनिक सेन्सर घेणं. तो पावसात भिजला तरी चालतो इतकाच त्याचा अर्थ. तो हवेत आवाज सोडायला बनवलेला असतो. पाण्यात त्याच्या भरवशावर राहू नका.

दुसरी, साध्या साउंडकार्डावर भिस्त ठेवणं. ४८ किलोहर्ट्झ नमुनादराचं कार्ड २४ किलोहर्ट्झच्या वरचं काही नोंदवूच शकत नाही. अ‍ॅम्प्लिफायरचंही तेच: गाण्यांसाठी बनवलेले बरेच अ‍ॅम्प्लिफायर २० किलोहर्ट्झच्या पुढे मान टाकतात.

तिसरी, अरुंद पट्ट्याचा ट्रान्सड्यूसर. पुढे आपल्याला ३७.५ ते ४२.५ किलोहर्ट्झ असा सरकता स्वर सोडायचा आहे. ट्रान्सड्यूसर जर एकाच वारंवारतेवर घणघणणारा असेल तर या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना तो जवळजवळ मुका होतो. बादलीत ट्रान्सड्यूसर आणि हायड्रोफोन ठेवून संथपणे सरकणारा स्वर वाजवा आणि कुठे आवाज पडतो ते बघा. टोकांना निम्म्याहून कमी व्होल्टेज येत असेल तर ट्रान्सड्यूसर बदला किंवा पट्टा अरुंद करा.

सावधान: ट्रान्सड्यूसरला ट्रान्सफॉर्मरमार्फत शेकडो व्होल्ट दिले जातात. पाण्याकाठी सगळा संच बॅटरीवर चालवा, काठावरच्या घरातून वायर ओढू नका. जोडण्या बंद डब्यात असू द्या.

३. पाण्यात उतरवणं

प्रक्षेपक आणि हायड्रोफोन नांगरलेल्या तराफ्यावरून किंवा जेटीवरून ४ मीटर खोल सोडा, दोघांमध्ये एक मीटर अंतर ठेवा. नांगरलेल्या तराफ्याला दोन नांगर हवेत. एकाच नांगरावर तो गोल फिरत राहतो आणि तुमचाच वेग मोजणीत मिसळतो.

प्रक्षेपकाचा आवाज हायड्रोफोनला थेट बधिर करू नये म्हणून मध्ये बंद-छिद्रांच्या फोमची जाड पाटी बांधा. फोममधली हवा ध्वनी अडवते. थोडा थेट आवाज तरीही पोचेल, आणि तो पोचायलाच हवा. पाचव्या पायरीत त्याचंच काम आहे.

आता एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. कोरडा ट्रान्सड्यूसर पाण्यात सोडला की त्याच्या तोंडावर हवेचा पातळ थर आणि चांदीसारखे चमकणारे बुडबुडे चिकटून राहतात. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर जवळजवळ सगळाच ध्वनी मागे परततो, त्यामुळे हा केसाएवढा थरही आवाज मारून टाकतो. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटावर घ्या, ट्रान्सड्यूसर आणि हायड्रोफोन दोन्हींच्या तोंडावर चोळा, पाण्याखाली धरून पुन्हा बोट फिरवा. काच ओली झाल्यावर पाणी जसं सलग पसरतं तसं दिसलं की सोडा. बाहेर काढून परत टाकलात तर परत चोळा.

तपासा: थेट पोचलेल्या आवाजाचा जोर (किती व्होल्टेज येतं) नोंदवून ठेवा. दिवसभरात तो अचानक पडला तर बुडबुडे चिकटलेत असं समजा.

४. ध्वनीचा वेग ठरवणं

‘पाण्यात ध्वनीचा वेग १५०० मीटर’ हे वाक्य पाठ असतं आणि तेच नडतं. गोड्या पाण्यात तो २० अंश सेल्सियसला १४८२, २५ अंशांना १४९७ आणि ३० अंशांना १५०९ मीटर प्रति सेकंद असतो. तापमान पृष्ठभागावर मोजू नका. तापमापी ४ मीटर खोल, जिथून ध्वनी जाणार आहे तिथे सोडा, आणि १, ४ व ८ मीटर अशा तीन खोल्यांवरचे आकडे लिहा. वर-खाली दोन अंशांहून जास्त फरक असेल तर त्या दिवशी लांबच्या मोजणीचा हट्ट धरू नका.

खाडीत किंवा समुद्रात काम करणाऱ्यांसाठी मेडविन या ध्वनिशास्त्रज्ञाचं सूत्र सोयीचं आहे. तापमान ‘ता’ अंश सेल्सियसमध्ये, क्षारता ‘क्षा’ हजारी भागांत, खोली ‘खो’ मीटरमध्ये:

वेग = १४४९.२ + ४.६ × ता − ०.०५५ × ता² + ०.०००२९ × ता³ + (१.३४ − ०.०१ × ता) × (क्षा − ३५) + ०.०१६ × खो

२८ अंश आणि ३५ क्षारतेला हा वेग १५४१ येतो. तिथे १५०० धरलात तर २०० मीटरवरची वस्तू १९४.७ मीटरवर दिसेल. आणि पावसाळ्यात खाडीची क्षारता ५ वर उतरली तर त्याच तापमानाला वेग १५०९ होतो. म्हणजे भरती-ओहोटीबरोबर तुमचं अंतर दोन टक्क्यांनी हलेल.

५. शून्य क्षण पकडणं

सगळ्यात जास्त प्रकल्प इथे बुडतात. प्रोग्रॅममध्ये ‘वाजव’ ही आज्ञा दिली त्या क्षणापासून वेळ मोजली जाते, पण आज्ञा आणि प्रत्यक्ष आवाज यांच्यात लॅपटॉप, ड्रायव्हर आणि साउंडकार्ड मिळून काही मिलिसेकंद खातात. हा उशीर दर वेळी सारखाही नसतो. १० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे साडेसात मीटर.

उपाय सोपा आहे. अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारा सिग्नल व्होल्टेज कमी करून त्याच साउंडकार्डाच्या दुसऱ्या इनपुटला द्या. एका इनपुटवर हायड्रोफोन, दुसऱ्यावर सुटणारा पिंग, दोन्ही एकाच घड्याळावर नोंदले जातात. वेळ या दोन नोंदींमधली मोजा. ‘वाजव’ आज्ञेच्या वेळेकडे बघूही नका.

तपासा: एक मीटरवरच्या हायड्रोफोनला थेट आवाज ०.६७ मिलिसेकंदांनी पोचायला हवा. जास्त येत असेल तर तेवढा उशीर अजून कुठेतरी शिल्लक आहे. प्रत्येक पिंगला हा आकडा आपोआप काढून लिहायची सोय करा. तो हलला नाही तर शून्य क्षण पक्का.

६. स्थिर लक्ष्यावर दोन अंतरं

हलत्या लक्ष्याकडे जाण्याआधी गोळा वजन बांधून, नांगरलेल्या बोयावरून (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेवरून) ४ मीटर खोल टांगा. एकदा ३० मीटरवर, एकदा ९० मीटरवर. अंतर फायबरग्लासच्या टेपने किंवा बोयावर पाटी लावून लेझर मापकाने मोजा. नायलॉनची दोरी नको, ओली झाली की ताणते.

एकाच अंतरावर तपासून समाधान मानू नका. दोन अंतरं घेतली की वेग आणि उशीर वेगळे काढता येतात. समजा ३० मीटरवर प्रतिध्वनी ०.०४३०३ सेकंदाने आला आणि ९० मीटरवर ०.१२३०८ सेकंदाने. फरक ०.०८००५ सेकंद. या वेळेत ध्वनीने ६० मीटर जाऊन-येऊन, म्हणजे १२० मीटर कापले. वेग १४९९. आता ३० मीटरसाठी या वेगाने ०.०४००३ सेकंद लागायला हवे होते, लागले ०.०४३०३. म्हणजे ३ मिलिसेकंद कुठेतरी अडकलेत. चौथ्या पायरीतल्या तापमानावरून काढलेला वेग आणि हा वेग जुळला पाहिजे. २६ अंशांच्या पाण्यात १४९९ म्हणजे जुळला.

याच वेळी गोळा बाहेर काढून काही मिनिटं रिकाम्या पाण्याची नोंद घ्या. तळ, बुंधे, काठ यांचे कायमचे प्रतिध्वनी कुठे येतात ते त्यावर दिसतं.

७. पिंगचा आकार: चर्पची जोडी

साध्या एका स्वराचा पिंग १० मिलिसेकंद लांब असेल तर साडेसात मीटरच्या आतल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. लहान केला तर ऊर्जा कमी पडते. म्हणून वारंवारता सरकत जाणारा पिंग, म्हणजे चर्प वापरतात आणि आलेला सिग्नल मूळ चर्पशी जुळवून बघतात. ५ किलोहर्ट्झचा पट्टा असेल तर बारकावा १५ सेंटिमीटरपर्यंत येतो.

पण वेगवान वस्तूसाठी एकट्या चर्पमध्ये एक सापळा आहे. वस्तू जवळ येत असेल तर डॉप्लरमुळे (वस्तू हलत असल्याने वारंवारता बदलते त्यामुळे) प्रतिध्वनीचा स्वर चढतो. चढत्या चर्पमध्ये चढलेला स्वर म्हणजे ‘चर्प आधीच सुरू झाला होता’ असं जुळणीला वाटतं आणि वस्तू आहे त्यापेक्षा जवळ दिसते. ४० किलोहर्ट्झ, १० मिलिसेकंद आणि ५ किलोहर्ट्झ या आकड्यांना ही चूक वेगाच्या ०.०८ पट मीटर येते: सेकंदाला ५ मीटरला ४० सेंटिमीटर, १० मीटरला ८० सेंटिमीटर.

उतरत्या चर्पमध्ये नेमकं उलट होतं. म्हणून दोन्ही सोडा: आधी १० मिलिसेकंद चढता, २ मिलिसेकंद शांतता, मग १० मिलिसेकंद उतरता. प्रत्येकाचा वेळ त्याच्या स्वतःच्या सुरुवातीपासून मोजा. दोन अंतरांची सरासरी हे खरं अंतर, आणि त्यांच्या फरकातून वेग फुकटात मिळतो.

उदाहरण बघा. चढत्याने ११९.६० मीटर दाखवलं, उतरत्याने १२०.३४. सरासरी ११९.९७. अर्धा फरक ०.३७. याला ०.०८ ने भागावंसं वाटेल, पण दोन चर्प १२ मिलिसेकंदांच्या अंतराने सुटलेत आणि तेवढ्यात वस्तू थोडी पुढे आली आहे. त्यासाठी ०.०८ मधून ०.००६ वजा करा. ०.३७ भागिले ०.०७४ म्हणजे सेकंदाला ५ मीटर, जवळ येणारी. फरकाचं चिन्ह उलटं आलं तर वस्तू लांब चाललीय.

सावधान: चढता एका पिंगला आणि उतरता पुढच्या पिंगला असं करू नका. अर्ध्या सेकंदात वस्तू अडीच मीटर सरकलेली असते आणि सगळा हिशोब मोडतो.

जोडी २२ मिलिसेकंदांची असल्यामुळे पहिले साधारण १७ मीटर आंधळे राहतात. दोन पिंगांमध्ये अर्धा सेकंद ठेवा. त्यात ३७५ मीटरपर्यंतचे प्रतिध्वनी पुढच्या पिंगच्या आधी परततात. त्याहून लांबून, समोरच्या काठावरून आलेला प्रतिध्वनी मात्र पुढच्या पिंगच्या खात्यावर जमा होतो. शंका आली तर मधला वेळ ०.५ वरून ०.५५ सेकंद करा. खरा प्रतिध्वनी जागचा हलत नाही, मागच्या पिंगचा असेल तो उडी मारतो.

८. बोटीच्या फेऱ्या

गोळा बोटीमागे ३० मीटर दोरीवर, शिशाचं वजन बांधून ओढा. वेग वाढला की गोळा वर येतो, म्हणून त्याला पाणबुडे वापरतात तसला छोटा खोली-नोंदक बांधा. गोळा पृष्ठभागापासून एक मीटरच्या आत आलेल्या नोंदी टाकून द्या.

बोट सरळ तुमच्या अंगावर कधीच आणायची नाही. ३० मीटर बाजूने, सरळ रेषेत, एका वेगाने जाऊ दे. १५० मीटर लांबून यावी आणि पलीकडे १५० मीटर जावी. प्रत्येक फेरी दोन वेगांनी करा, उदाहरणार्थ ३ आणि ५ मीटर प्रति सेकंद. दोन वेग का, ते दहाव्या पायरीत कळेल.

बोटीवर जीपीएसची नोंद ठेवा. फोनचा जीपीएस ३ ते ५ मीटर इकडे-तिकडे होतो, त्यामुळे एका आकड्याची तुलना करून काही सिद्ध होत नाही. पूर्ण फेरीची तुलना करायची.

९. खरा प्रतिध्वनी निवडणं

पडद्यावर तीन गोष्टी एकत्र दिसतील: बोट, तिच्यामागचा फेसाळ पट्टा आणि गोळा. फेसातले बुडबुडे ध्वनी जोरात परतवतात. कित्येकदा गोळ्यापेक्षा जोरात. सगळ्यात उंच शिखर निवडणारा प्रोग्रॅम फेस मोजत बसतो आणि आकडे मात्र गुळगुळीत येतात, म्हणून कुणाला संशय येत नाही.

इथे चर्पची जोडी कामाला येते. फेस जागेवरच असतो, त्याचा चढत्या-उतरत्याचा फरक शून्याजवळ येतो. बुंधे आणि काठाचंही तेच. फरक नसलेली शिखरं बाजूला काढा. उरलेल्यांत येताना आधी बोट, तिच्या मागे गोळा; जाताना उलट, आधी गोळा आणि मग बोट.

गोळ्याच्या शिखराच्या पाठोपाठ लहान-मोठी शिखरं दिसतात. ती पाण्याच्या पृष्ठभागावरून आणि तळावरून वळसा घेऊन आलेली असतात. वळसा नेहमी लांबच असतो, म्हणून त्या गटातलं पहिलं शिखर घ्या, उंच असलेलं नाही.

गोळा तुमच्या अगदी बाजूने जातो तेव्हा जवळ येण्याचा वेग शून्य होतो आणि तो फेसात मिसळून जातो. तिथली मोजणी ओढूनताणून काढू नका. जवळ येण्याचा किंवा लांब जाण्याचा वेग सेकंदाला १ मीटरहून कमी असलेल्या नोंदी वगळा. मधला भाग दोन्ही बाजूंच्या नोंदींवरून काढता येतो: बोट सरळ आणि एका वेगाने गेली असेल तर अंतराचा वर्ग वेळेसमोर मांडल्यावर स्वच्छ परवलय (पॅराबोला) मिळतं, आणि त्याचा तळ म्हणजे सगळ्यात कमी अंतराचा वर्ग. ज्या नोंदी परवलयावर बसत नाहीत त्या दुसऱ्याच कशाच्या तरी आहेत.

फेरी चालू असतानाच माग ठेवायचा असेल तर पुढच्या पिंगला वस्तू कुठे असेल याचा आधी अंदाज बांधा. आत्ताचं अंतर वजा वेग गुणिले ०.५ सेकंद. त्याच्या आजूबाजूला ३ मीटरच्या खिडकीतच प्रतिध्वनी शोधा. सापडला तर अंदाज आणि मोजणी यांतल्या फरकाच्या निम्म्याने अंतर सुधारा, आणि तोच फरक ०.५ सेकंदाने भागून त्याच्या सहाव्या भागाने वेग सुधारा. सलग तीन पिंग काही सापडलं नाही तर माग सुटला असं मान्य करून नव्याने सुरुवात करा. खिडकी रुंद करत जाल तर ती शेवटी फेसावर जाऊन बसते.

१०. क्षण लिहिणं, आणि चुकीचा चेहरा ओळखणं

अंतर कोणत्या क्षणाचं? पिंग सुटला तेव्हाचं नाही, प्रतिध्वनी आला तेव्हाचंही नाही. ध्वनी वस्तूला आपटला त्या क्षणाचं, म्हणजे जाण्या-येण्याच्या वेळेच्या मध्याचं. १२० मीटरवर हा मध्य पिंगनंतर ०.०८ सेकंदाने येतो. प्रोग्रॅमने आकडा छापला ती वेळ तर अजिबात लिहायची नाही. तिथे गणिताचा उशीरही मिसळलेला असतो.

एक विचित्र योगायोग सांगायलाच हवा, कारण त्याने भले भले फसतात. एकटा चढता चर्प वापरला आणि वेळ प्रतिध्वनी पोचल्याची लिहिली, तर आपल्या आकड्यांना या दोन चुका १२० मीटरवर एकमेकींना तंतोतंत खोडतात. तिथे सगळं जुळतं आणि ४० किंवा २०० मीटरवर हुकतं. एका अंतरावर जुळलं म्हणून पद्धत बरोबर असं कधी म्हणू नका.

लॅपटॉपचं घड्याळ आणि जीपीएसचं घड्याळ फेरीआधी जुळवा. आता प्रत्येक फेरीसाठी ‘आवाजाने काढलेलं अंतर वजा जीपीएसवरून काढलेलं अंतर’ मांडा. बोटीवरच्या जीपीएसपासून गोळा ३० मीटर मागे आहे हे धरायला विसरू नका. मग चुकीचा चेहरा बघा.

जवळ-लांब, येताना-जाताना सगळीकडे सारखीच चूक असेल तर शून्य क्षणात उशीर राहिलाय. पाचव्या पायरीवर जा.

अंतराबरोबर वाढणारी चूक असेल, ५० मीटरवर एक आणि १५० मीटरवर तीन अशी, तर ध्वनीचा वेग चुकलाय. तापमापी कुठे टांगली होती ते विचारा.

येताना एका दिशेने आणि जाताना उलट दिशेने चुकत असेल, शिवाय वेग वाढवल्यावर चूकही वाढत असेल, तर क्षण चुकलाय. किती, तेही लगेच निघतं: चूक भागिले जवळ येण्याचा वेग. येताना ४ मीटर जास्त, जाताना ४ मीटर कमी आणि वेग ५ असेल तर तुमच्या नोंदी ०.८ सेकंद उशिराच्या आहेत. बहुधा घड्याळं जुळलेली नाहीत.

येताना-जाताना चिन्ह उलटतं, पण वेग बदलूनही चूक तेवढीच राहते? मग दोरीची लांबी चुकीची धरलीय. वेगाने फरक पडतो की नाही हे एकाच वेगाच्या फेऱ्यांवरून कळत नाही, म्हणून आठव्या पायरीत दोन वेग सांगितले.

वस्तू स्वतःच आवाज करत असेल तर

पिंग न सोडताही एका हायड्रोफोनवर अंतर काढता येतं, पण फक्त बाजूने सरळ जाणाऱ्या वस्तूचं आणि फक्त ती सगळ्यात जवळ असतानाचं. त्यासाठी तिच्या आवाजात एक स्थिर स्वर हवा. मोटर आणि पंख्याच्या आवाजात असे स्वर असतात. त्यातला शक्य तितका उंच निवडा. खालच्या स्वरांत डॉप्लरचा फरक इतका लहान असतो की वाचता येत नाही.

येतानाचा स्वर आणि जातानाचा स्वर वाचा. वस्तूचा वेग म्हणजे ध्वनीचा वेग गुणिले दोन स्वरांतला फरक, भागिले त्यांची बेरीज. मग बाजूने जाताना स्वर सेकंदाला किती हर्ट्झने उतरतोय ते बघा. सगळ्यात कमी अंतर = स्वर × वेगाचा वर्ग ÷ (ध्वनीचा वेग × उताराचा दर). १००० हर्ट्झचा स्वर, सेकंदाला १० मीटर वेग आणि १.३३ हर्ट्झ प्रति सेकंद उतार असेल तर अंतर ५० मीटर.

सूत्रात वेगाचा वर्ग आहे. वेग १० टक्के चुकला की अंतर २० टक्के चुकतं. त्यामुळे येतानाचा आणि जातानाचा स्वर वस्तू पुरेशी लांब असतानाच वाचा, कमी अंतराच्या किमान पाचपट तरी. ५० मीटरवरून जाणाऱ्या वस्तूसाठी आधीचे २५० आणि नंतरचे २५० मीटर नोंदीत असायला हवेत. मधेच इंजिनाची गती बदलली असेल तर ती फेरी टाकून द्या आणि चालकाला पुढच्या फेरीला हात स्थिर ठेवायला सांगा.